राशिमणी हाजोंग कोण होत्या?

टंक आंदोलनातल्या हाजोंग आदिवासी पुढारी. सुसंग दुर्गापूर, तेव्हाचा मयमनसिंह जिल्हा, आता बांगलादेशात. टंक म्हणजे पीक येवो न येवो, जमीनदाराला ठरलेलं भात घालायचंच, किती जाच असेल बघा! कम्युनिस्ट नेते मोनी सिंह यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध लढा चालू होता. ३१ जानेवारी १९४६ ला बहेरातली गावात ईस्टर्न फ्रंटियर रायफल्सचे जवान कार्यकर्त्यांना धरायला आले, ते मिळेनात म्हणून घरातल्या कुमुदिनी हाजोंगलाच ओढून न्यायला लागले, तेव्हा राशिमणी बायकापुरुषांना घेऊन कोयता हातात घेऊनच धावल्या आणि गोळीबारात गेल्या, सोबत सुरेंद्र हाजोंगही गेले. कुमुदिनी मात्र सुटल्या, २०२४ पर्यंत होत्या. टंक १९५० मध्ये बंद झाली. आपल्याकडे वारल्यांचा उठाव पण त्याच सुमाराचा, १९४५ चा.