परीट, धोबी आणि खंजरीट

प्रश्न असा आहे : 'पक्ष्यांच्या एका यादीत "परीट" हे नाव वाचलं. ते संस्कृत "खंजरीट"चं झिजलेलं रूप आहे का? आणि गावाकडे आम्ही ज्याला धोबी म्हणतो, तो हाच का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. हो, तोच.

पहिल्यात मात्र 'रीट'नं चकवा दिलाय. खंजरीट शब्द जुनाच आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'खञ्जरीटस्तु खञ्जनः', म्हणजे खंजरीट हाच खंजन, हेच पाखरू, असं स्पष्ट आहे. पण झिजताना शब्दाचं डोकं असं सहजी बदलत नाही. 'खंज' पूर्ण गळावं आणि तिथे 'प' येऊन बसावा, याला काही आधार दिसत नाही. हिंदीत खंजनाला खंडरिच म्हणतात, त्यात ख कसा जागच्या जागी आहे बघा. शिवाय मराठीत परीट म्हणजे कपडे धुणारा, हा अर्थ समोर असताना लांब जायचं कशाला?

आमचं गाव भंडाऱ्याकडचं. तलावाच्या पाळीखाली धुण्याचे दगड आहेत. बायका मोगरीनं कपडे बडवतात आणि चार हातांवर हा पक्षी ओल्या चिखलात किडे टिपत फिरतो. वजन चिमणीएवढंच, २०-२५ ग्रॅम, पण लांब शेपटीमुळे अंगानं मोठा वाटतो. पाठ राखाडी, तोंड पांढरं, छातीवर हिवाळ्यात काळी चंद्रकोर. दोन पावलं पळाला, थांबला, की शेपटी वर-खाली, वर-खाली. मोगरीचीच लय. हे एकदा पाहिलं की व्युत्पत्तीची गरज उरत नाही. फ्रेंचमध्ये याला लावांदिएर म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये लावांदेरा. दोन्हींचा अर्थ धोबीण! त्यांनी काही खंजरीट ऐकला नव्हता.

आता एक गंमत. आमच्या भागात कपडे धुणाऱ्या समाजाला वरठीही म्हणतात, पण पाखराला कुणी वरठी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथे धोबी किंवा धोबीन. शेजारच्या हिंदी मुलखातून नाव आलं असावं, असा माझा अंदाज. परीट हे नाव मला पुस्तकांतच भेटलं.

'खंज' म्हणजे लंगडा. त्यावरून खंजन, हे अनेक जण सांगतात. मला ते पाखरावर अन्याय केल्यासारखं वाटतं. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उडते. हा एकामागून एक पाय टाकत चक्क धावतो. लंगडा कुठला? थांबत-थांबत जातो म्हणून ते नाव पडलं असेल तर गोष्ट वेगळी. उडताना मात्र लाटेवरून गेल्यासारखा, खाली-वर होत जातो आणि 'चिझिक' असं काहीसं बोलतो.

माझी आजी दसऱ्याच्या आगेमागे म्हणायची, "धोबीन आली बा पाळीवर, आता आठ दिसानं थंडी लागते." हिमालयात नि त्याही पलीकडे घरटी करून हे पाखरू आपल्याकडे उतरतं. मग धानाच्या कापलेल्या बांध्यांत, नांगरामागे, ओलिताच्या गव्हात सगळीकडे दिसतं. मार्च-एप्रिलात निघून जातं. पहिल्या खंजनदर्शनाच्या शकुनांवर प्राचीन ज्योतिषी वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' या ग्रंथात अख्खा अध्याय लिहिलाय; आजीनं तेच एका वाक्यात उरकलं.

फक्त एक सांभाळा. आपल्याकडे दुसरा एक धोबी बारमाही असतो. अंगानं जरा मोठा, पाठ काळी कुळकुळीत आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. पुलाखाली, विहिरीच्या भिंतीत घरटं करतो. तो मे महिन्यातही पाळीवर दिसेल. त्याला बघून गोधड्या काढू नका.