पाळीच्या दिवसांत काय खावं आणि व्यायाम किती करावा?

तुमचा प्रश्न असा आहे: आठवड्यातून दोनदा धावणं आणि दोनदा वजनांचा व्यायाम असतो. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात जोराच्या कळा येतात, पोटही बिघडतं आणि पाळी संपल्यावर आठवडाभर जिना चढतानाही दम लागतो. त्या चार-पाच दिवसांत काय खावं आणि व्यायाम बंद ठेवावा का?

दम लागण्याचा भाग आधी घेते, कारण त्याचं उत्तर त्या चार-पाच दिवसांत नाही, उरलेल्या महिन्यात आहे. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं की तो जास्त रक्तस्राव समजतात. एक मिलिलिटर रक्तात अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे ४० मिलिलिटर रक्ताबरोबर २० मिलिग्रॅम लोह गेलं. २८ दिवसांवर वाटलं तर रोजचे ०.७ मिलिग्रॅम. त्वचा, आतडी यांतून रोज एक मिलिग्रॅमच्या आसपास जातंच. म्हणजे रोज पावणेदोन मिलिग्रॅम लोह रक्तात पोहोचायला हवं. आकडा लहान दिसतो, पण मिश्र आहारातल्या लोहापैकी दहा ते अठरा टक्क्यांच्या आसपासच शरीर शोषतं आणि निव्वळ शाकाहारात त्याहूनही कमी. म्हणून अमेरिकेतल्या शिफारशीत पुरुषांना रोज ८ मिलिग्रॅम आणि पाळी येणाऱ्या प्रौढ स्त्रियांना १८ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. स्राव जास्त असेल तर १८ सुद्धा पुरत नाहीत.

त्यामुळे पाळीच्या दिवसांत पालक आणि बीट जास्त खाऊन हा हिशोब भरून निघत नाही. पालकात लोह आहे, पण त्यातली ऑक्झॅलेट आणि पॉलिफिनॉल ही द्रव्यं त्याला अडकवून ठेवतात, आणि बीटचा रंग लाल असला तरी त्यात लोह बेताचंच असतं. डाळी, कडधान्यं, तीळ, सोयाबीन आणि चालत असेल तर मांस हे खरे स्रोत. कडधान्यं भिजवून मोड आणली की त्यातलं लोहाला अडकवणारं फायटेट कमी होतं आणि लोह सुटं होतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं: लिंबू, पेरू, संत्रं, कच्ची ढोबळी मिरची, यांपैकी काहीही. लिंबू शिजवताना न घालता वरून पिळा, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. चहा-कॉफी जेवणासोबत घेतली तर वनस्पतींतल्या लोहाचं शोषण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. चहा सोडायची गरज नाही, फक्त जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. एवढ्या एका बदलाचा फायदा बऱ्याच महागड्या पावडरींपेक्षा जास्त होतो.

पण तुमच्यासारखा दम लागत असेल तर केवळ आहारावर विसंबू नका. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारं) या दोन्ही तपासण्या करून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन पाहिलं की फसगत होते. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं, साठा रिकामा झाला की मग हिमोग्लोबिन उतरतं. ते १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि व्यायाम करणाऱ्या स्त्रीला त्याचा थकवा जाणवू शकतो. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. ३० च्या खाली असेल तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. सर्दी-ताप असताना ही तपासणी करू नका, तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांची वेळही महत्त्वाची आहे. एक डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे २४ तास आतड्यांतून लोह आत घेण्याचं प्रमाण घटतं. म्हणून हल्ली बऱ्याच जणींना गोळी दिवसाआड देतात. त्याने शोषण चांगलं होतं, पोटही कमी बिघडतं. दमवणाऱ्या व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेच हेप्सिडिन पुन्हा वाढतं. तेव्हा सकाळी व्यायाम असेल तर गोळी त्याआधी किंवा संपल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत घ्या. दुपारपर्यंत लांबवू नका. आणि तपासणी न करता स्वतःहून सुरू तर मुळीच करू नका.

आता पहिला दिवस. पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखला जातो आणि कळ येते. हीच रसायनं शेजारच्या आतड्यांनाही हलवतात, म्हणून त्या दिवशी पातळ शौचाला होतं, मळमळतं. गंमत अशी की आधीच्या आठवड्यात नेमकं उलटं असतं, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतडी संथ होतात आणि बद्धकोष्ठ होतो. म्हणजे भरपूर भाज्या, सालासकट फळं, कडधान्यं यांचा भर पाळीच्या आधीच्या आठवड्यात द्यायचा, आणि पोट बिघडलेलं असेल तर पहिल्या दिवशी तो कमी करायचा. त्या दिवशी मऊ भात, दही, केळं, उकडलेला बटाटा, अंडं असं पचायला हलकं, थोडं थोडं पण दर तीनेक तासांनी. तळलेलं आणि रिकाम्या पोटी कडक कॉफी या दोन गोष्टी त्या दिवशी त्रास वाढवू शकतात. शौचाला पातळ होत असेल तर पाणी वाढवा, लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे. थंड पाणी किंवा आंबट खाल्ल्याने स्राव थांबत नाही. स्राव संप्रेरकांच्या चढउतारावर चालतो, पोटात गेलेल्या पदार्थाच्या तापमानावर नाही.

कळांसाठी आल्याची पूड बऱ्यापैकी तपासली गेली आहे. पहिले तीन दिवस, दिवसभरात मिळून ७५० ते २००० मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ते दोन ग्रॅम, इतकं प्रमाण चाचण्यांत वापरलं गेलं. छातीत जळजळ होणाऱ्यांनी कमीपासून सुरुवात करावी आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारावं. शेक तर अगदीच भरवशाचा आहे. २००१ च्या एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सिअसचा शेक दिवसाला १२ तास दिला, तेव्हा त्याने आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम पडला. यातलं मर्म आहे ते सलग, सौम्य उष्णतेत. दहा मिनिटं कडकडीत गरम पिशवी धरून ठेवली तर कातडी भाजते आणि उपयोग कमी होतो. पिशवी आणि कातडी यांच्यामध्ये कापड हवं, आणि शेक घेत झोपून जाऊ नका.

आयब्युप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती कळ असह्य होईपर्यंत थांबून घेण्यात अर्थ नाही. ती नवीन प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवते, आधीच सुटलेल्यांचं काही करू शकत नाही. म्हणून कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यायची. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकांनी वाढणारा दमा असेल तर ती घेऊ नये. आणि गोळी घेऊन, पाणी न पिता, उन्हात लांब धावायला जाऊ नका, मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो.

व्यायामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तारीख पाहून नव्हे, लक्षणं पाहून ठरवा. पाळीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा व्यायाम सांगणारी वेळापत्रकं सध्या फार फिरतात, पण त्यांना फारसा आधार नाही. २०२० मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित घटते एवढंच दिसलं. फरक इतका लहान होता आणि बायका-बायकांत इतका वेगळा, की सगळ्यांना लागू होईल असा नियम त्यातून निघत नाही.

मी वापरायला सांगते ती पद्धत सोपी आहे. आधी दहा मिनिटं चालून अंग गरम करा आणि मग वेदनेला शून्य ते दहामधला आकडा द्या. तीनपर्यंत असेल तर नेहमीचा व्यायाम करा, काहीही बदलू नका. चार ते सहा असेल तर हालचाली त्याच, पण प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी आणि वजन दहा ते वीस टक्के कमी. धावण्याच्या जागी बोलता येईल इतक्या वेगाने २०-३० मिनिटं चालणं. सात किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी शेक आणि आराम, व्यायाम दोन दिवसांनी. एक दिवस चुकल्याने ताकद जात नाही. चक्कर आली, छाती धडधडली किंवा वेदना दर मिनिटाला वाढू लागली तर मात्र आकडा काहीही असो, तिथेच थांबा.

वजनांच्या दिवशी एक बारीक गोष्ट सांभाळा. जड स्क्वॉट किंवा डेडलिफ्टमध्ये आपण श्वास रोखून पोट घट्ट करतो. त्याने पोटातला दाब वाढतो आणि कळा येत असताना तो दाब फार त्रासदायक होतो. त्या दिवशी वजन इतकंच ठेवा की उचलताना श्वास सोडता येईल. पोटावर ताण नको असेल तर हात, खांदे, पाठ यांचा व्यायाम करा. कंबर भरून आली असेल तर मार्जारासन, बालासन आणि पाठीवर झोपून गुडघे छातीशी धरणं, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट, दोन-तीन फेऱ्या. श्वास सोडताना ओटीपोट आणि मांड्यांचा आतला भाग मुद्दाम सैल सोडा. दुखतं तेव्हा आपण ते नकळत आवळून धरतो, आणि त्यानेच कंबर जास्त धरते. शीर्षासनासारखी उलटी आसनं या दिवसांत अपायकारक असल्याचा पुरावा नाही. पण नकोशी वाटत असतील तर सोडा.

कळांवर खरा उपाय होणारा व्यायाम मात्र इतर दिवसांतला आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या) आठवड्यातून तीन वेळा, ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या कळा कमी झालेल्या दिसल्या, आणि व्यायाम सौम्य आहे की जोराचा याने फार फरक पडला नाही. त्यासाठी दोन-तीन पाळ्या तरी सातत्य हवं. तुमचे चार दिवस होतातच, ते फक्त मोडू देऊ नका.

लांब धावण्याआधी पॅडऐवजी योनीत बसवून स्राव गोळा करणारा कप वापरून पाहता येईल. घर्षण कमी होतं, मांड्या सोलवटत नाहीत. कप १२ तासांच्या आत रिकामा करायचा, टॅम्पून (योनीत ठेवायचा शोषक बोळा) चार ते आठ तासांत बदलायचा. पोहायला जाताना पॅड चालत नाही, ते पाणीच शोषून फुगतं.

वजनकाट्याचंही सांगून ठेवते. पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं जातं आणि काटा एखाद-दोन किलो वर जाऊ शकतो. ती चरबी नाही, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरते. तुलना करायचीच असेल तर गेल्या महिन्यातल्या पाळीच्या पाचव्या दिवसाची या महिन्यातल्या पाचव्या दिवसाशी करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूकही वाढते. ती दाबून ठेवली की रात्री हातात येईल ते खाल्लं जातं. त्यापेक्षा संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि एक फळ ठरवूनच खा.

आणि हे मी ठासून सांगेन: व्यायाम करणाऱ्या मुली बरेचदा कमी खातात आणि पाळीवर त्याचा थेट परिणाम होतो. हिशोब असा मांडा. वजन ५५ किलो आणि चरबी २५ टक्के असेल तर चरबी सोडून वजन साधारण ४१ किलो. दर किलोमागे ४५ कॅलरी धरल्या तर सुमारे १८५० कॅलरी शरीराच्या कामांना लागतात. व्यायामात ३०० खर्च झाल्या तर खाणं २१५० च्या आसपास हवं. व्यायामाचा खर्च वजा जाता दर किलोमागे ३० च्या खाली, म्हणजे इथे १२३० च्याही खाली, उरत असेल आणि हे दीर्घकाळ चालू राहिलं, तर मेंदूकडून अंडाशयांना जाणारे संकेत मंदावू शकतात. पाळी लांबते, थांबते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. पाळी थांबली की काही जणींना सुटल्यासारखं वाटतं, पण ती शरीराने दिलेली ताकीद आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर एक लक्षात असू द्या: गोळ्यांच्या मधल्या सुट्टीच्या दिवसांत येणारा स्राव ही खरी पाळी नव्हे, त्यामुळे तो वेळेवर येतो म्हणजे खाणं पुरेसं आहे असा अर्थ काढता येत नाही.

दर तासाला पॅड भिजून बदलावं लागणं आणि असं सलग काही तास चालणं, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या रक्ताच्या गाठी, सात दिवसांपेक्षा जास्त स्राव, तीन महिने पाळी न येणं, गोळीनेही न थांबणारी किंवा वर्षागणिक वाढत जाणारी वेदना, पाळीत शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखणं: यातलं काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. शेवटच्या दोन्हींमागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो आणि तो आहार-व्यायामाने बरा होत नाही. जाताना तीन पाळ्यांची नोंद सोबत न्या: स्राव किती दिवस, सर्वांत जास्त स्रावाच्या दिवशी किती पॅड, वेदनेचा आकडा किती आणि किती गोळ्या लागल्या. "खूप दुखतं" एवढंच सांगितलं तर अनेकदा परत पाठवलं जातं, लिहिलेले आकडे टाळणं अवघड असतं.