'फुंकपान्त्सरवागन'मधला 'फुंक' : फुंकर नव्हे, ठिणगी

एका वाचकाने विचारले आहे की, दुसऱ्या महायुद्धातील जर्मन 'फुंकपान्त्सरवागन' या नावातल्या 'फुंक'चा अर्थ 'आग फुंकणारी' असा घ्यावा का, आणि अशा 'हाफ-ट्रॅक'ला मराठीत 'तो' म्हणावे की 'ती'.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. ज्वाळा सोडणाऱ्या गाडीला जर्मन लोक 'फ्लामपान्त्सरवागन' म्हणत, आणि ती निराळी. विचारलेले वाहन म्हणजे २५०/३ क्रमांकाची हलकी चिलखती 'हाफ-ट्रॅक' गाडी : पुढे वळवायची चाके, मागे जेसीबी-पोकलेनवाले जिला 'चेन' म्हणतात ती साखळी, आत चार माणसे आणि बिनतारी संदेशयंत्रे. सुरुवातीच्या गाड्यांवर नळ्यांची एक चौकट बसवलेली दिसते. छायाचित्र पाहणाऱ्याला ती सामान बांधण्याचा कठडा वाटते, पण तो अँटेना आहे. जर्मन सेनापती रोमेल उत्तर आफ्रिकेत अशाच गाडीतून फिरत असे आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत 'ग्राइफ' असे लिहिलेले होते. ग्राइफ म्हणजे गरुडाच्या डोक्यापंखांचा सिंह, आणि 'ग्राइफेन' या क्रियापदाच्या आज्ञार्थात 'झडप घाल'.

नावातल्या 'पान्त्सर'चा 'पँझर' हा उच्चार मात्र आता पुरे झाला. जर्मन 'z' म्हणजे 'चाक'मधला आपला दंततालव्य 'च'. जो ध्वनी मराठी माणसाच्या जिभेवर जन्मापासून आहे, तो सोडून इंग्रजांची नक्कल करण्याचे कारण मला कळत नाही. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले 'पोट' आहे : जुन्या फ्रेंचमध्ये पोट झाकणाऱ्या कवचाचे नाव त्यावरून पडले, ते जर्मनमध्ये गेले आणि पुढे सगळी गाडीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. 'वागन' तर आपल्या 'वाहन'चा सख्खा चुलतभाऊ आहे. दोघांच्या मागे 'वाहून नेणे' हाच धातू.

आता 'फुंक'. 'फुंके' म्हणजे ठिणगी. हाइनरिश हेर्ट्झ याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस कार्ल्सरूऽ येथे विद्युच्चुंबकीय लहरी सिद्ध केल्या, तेव्हा एकीकडे विजेची ठिणगी पाडली की काही अंतरावरच्या तारेच्या कड्यातील बारीकशा फटीतही एक ठिणगी उमटे, इतकी फिकट की ती पाहण्यासाठी खोलीत अंधार करावा लागे. आरंभीचे प्रक्षेपकही ठिणगीवरच चालत, म्हणून बिनतारी संदेशाचे नावच 'फुंक' पडले. बर्लिनमध्ये १९०३ साली स्थापन झालेली कंपनी 'टेलेफुंकेन', म्हणजे 'दूरच्या ठिणग्या', झाली आणि नभोवाणी 'रुंडफुंक', म्हणजे चहूकडे जाणारी ठिणगी. महायुद्धापर्यंत यंत्रांतली ठिणगी जाऊन निर्वात नळ्या आल्या होत्या, पण शब्द राहिला. आपणही तबकडी गेल्यावर नंबर 'फिरवतो'च की. आपण मात्र या तंत्राला 'बिनतारी' म्हटले, म्हणजे जे नाही त्यावरून नाव ठेवले, आणि गंमत अशी की २०१३ मध्ये ती 'तार'ही बंद झाली.

एक अभ्यासक 'फुंक'चे नाते संस्कृत 'फूत्कारा'शी लावतात, ते साफ चूक आहे. नुसते कानाला सारखे लागते म्हणून नाते जोडायचे, तर 'पान्त्सर' आणि 'पंक्चर' यांचेही लग्न लावता येईल. जर्मन 'फ'समोर संस्कृतात 'प' उभा राहतो : 'फ्युन्फ' तसे 'पंच', 'फाटर' तसे 'पितृ'. तेव्हा 'फुंके'चा संस्कृत नातलग शोधायचाच असेल तर तो 'प'च्या घरात शोधावा, आणि तेथे माझी नजर 'पावक'वर जाते. परंपरा 'पावक'ची व्युत्पत्ती 'पू', म्हणजे शुद्ध करणे, या धातूवरून देते. हा पक्ष भक्कम आहे हे मी मान्य करतो. परंतु ग्रीक 'पूर' आणि जर्मन 'फॉयर' हे अग्नीचे शब्द शेजारी ठेवले की 'पावक' त्यांच्याच पंक्तीत बसावा असे मला फार वाटते. हा माझा तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही.

राहिला लिंगाचा प्रश्न. जर्मनमध्ये 'वागन' पुल्लिंगी आहे, मराठीत मनात 'गाडी' असते. म्हणून 'ती हाफ-ट्रॅक' लिहावे, आणि पूर्ण नाव हवे असेल तर 'बिनतारी संदेशाची चिलखती गाडी'. 'अर्धा रणगाडा' मात्र लिहू नये, कारण तिच्यावर रणगाड्याची तोफ नाही आणि फिरता बुरूजही नाही.