विंडोज ११ काढून १० टाकलं, आता वायफाय नाही, आवाज नाही, टचपॅडही बंद. ड्रायव्हर कुठून आणि कसे टाकायचे?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप ११ घेऊनच आला होता, जड वाटला म्हणून पेन ड्राइव्हवरून १० क्लीन इन्स्टॉल केलं आणि आता वायफाय, आवाज, टचपॅड तिन्ही गेलं, ब्राइटनेस हलत नाही, आणि कंपनीच्या सपोर्ट पेजवर फक्त ११ चे ड्रायव्हर दिसतायत. हार्डवेअरला काहीही झालेलं नाही, पहिलं ते डोक्यातून काढा. ब्राइटनेस हलत नाही कारण ग्राफिक्सच्या जागी मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर बसलाय, बाकीचंही तसंच आहे, सगळं जागेवर आहे, फक्त विंडोजला त्याच्याशी बोलता येत नाहीये, कारण ते बोलणं जुळवणारी छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बसलेली नाहीत.

आधी नेट आणा. ॲन्ड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, याचा ड्रायव्हर १० मध्ये आधीपासून असतो त्यामुळे लगेच नेट मिळतं, आणि फोन वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, आणि तिथे ‘व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स’ नावाची बारीकशी लिंक असते, बरेच जण ती उघडतच नाहीत. आत ड्रायव्हर अपडेट्स असतात, सगळ्यांवर टिक करा, रीस्टार्ट करा, परत चेक करा, कारण एक ड्रायव्हर बसला की त्याच्यामागचं दुसरं डिव्हाइस दिसायला लागतं आणि यादी परत भरते. निम्म्याहून जास्त काम इथेच होऊन जातं असा माझा अनुभव आहे. माउस नसेल तर विंडोज की आणि एक्स दाबा, मग एम, डिव्हाइस मॅनेजर (सगळ्या हार्डवेअरची यादी) उघडतो, पुढे टॅब, बाणाच्या कीज आणि एंटर यावर सगळं चालतं.

आता खरा मुद्दा. ११ चे ड्रायव्हर बघून तुम्ही पेज बंद केलंत ना, ते परत उघडा. विंडोज ११ स्वतःला आतून अजून १०.० च म्हणवतं, फक्त पुढचा बिल्ड नंबर २२००० पासून सुरू होतो, आणि १० च्या शेवटच्या व्हर्जनचा बिल्ड १९०४५ आहे. त्यामुळे कंपन्या बऱ्याचदा एकच ड्रायव्हर दोन्हीसाठी बनवतात आणि पेजवर नाव मात्र ११ चं लावतात. ‘ही ऑपरेटिंग सिस्टिम सपोर्टेड नाही’ असं जे म्हणतं ते सेटअपचं प्रोग्राम म्हणतं, ड्रायव्हर नाही म्हणत. तर सेटअप चालवूच नका, ती एक्झी फाइल सेव्हन-झिप या फुकट अनझिप सॉफ्टवेअरने उघडून फोल्डरमध्ये काढा आणि आत आयएनएफ एक्स्टेन्शनची फाइल शोधा, ड्रायव्हर कशावर बसतो ते त्यात लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडली की वरच्या भागात मॅन्युफॅक्चरर नावाचा सेक्शन दिसेल आणि तिथे एनटीएएमडी६४ असं लिहून पुढे १०.० आणि टिंबांनंतर एखादा आकडा असेल. तो आकडा १९०४१ किंवा त्याहून लहान असेल, किंवा आकडाच नसेल, तर तो ड्रायव्हर तुमच्या १० वर बसायला हरकत नाही. २२००० किंवा त्याच्या वरचा असेल तर तो फक्त ११ चा, सोडून द्या आणि त्याचंच जुनं व्हर्जन शोधा. कधीकधी दोन्ही ओळी असतात, तेव्हाही चालतं, विंडोज आपल्यापुरती ओळ निवडतं. बसवायला डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसवर अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, आणि तो फोल्डर द्यायचा, सबफोल्डरची टिक राहू द्यायची.

पेजवर जाताना मॉडेलच्या नावाने शोधू नका, लॅपटॉपच्या खालचा सीरियल नंबर टाका. एकाच मॉडेल नावाखाली तीन वेगळ्या कंपन्यांचे वायफाय कार्ड असतात, नावाने शोधलं की तिन्ही समोर येतात आणि मग माणूस तिन्ही टाकत बसतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रॉपडाउन असतो तोही स्वतः बदलून बघा, साइट ब्राउझरवरून अंदाज लावते आणि तो चुकतो.

एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर नसल्याचे दोनचार पिवळे त्रिकोण उरतील, ‘अननोन डिव्हाइस’ किंवा ‘पीसीआय डिव्हाइस’ अशा नावाने. इथे नावावरून गुगल करून काही हाती लागत नाही, हार्डवेअर आयडी बघावा लागतो. त्या डिव्हाइसवर प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, ड्रॉपडाउनमध्ये हार्डवेअर आयडीज. पहिली लांबलचक ओळ असते, त्यात व्हीईएन या अक्षरांपुढचा चार खुणांचा कोड म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि डीईव्ही पुढचा कोड म्हणजे नेमकी चिप. ८०८६ दिसलं की इंटेल (हो, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच नंबर), १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ आणि १०२२ दोन्ही एएमडी, १४सी३ मीडियाटेक. व्हीईएन ते डीईव्ही एवढाच तुकडा कॉपी करा, पुढचं सबसिस वगैरे गाळा, आणि मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर पेस्ट करून सर्च मारा. प्रॉडक्ट कॉलममध्ये विंडोज १० लिहिलेलं नवीनातलं नवीन घ्या. कॅब फाइल उतरते, ती पण सेव्हन-झिपने काढायची आणि वरच्यासारखीच बसवायची. फुकट, सही केलेली, जाहिराती नाहीत, आणि तरी हे कोणी वापरत नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

आयडी एसीपीआय ने सुरू होत असेल तर ते बहुतेक लॅपटॉप कंपनीचंच काहीतरी असतं, फंक्शन कीज, एअरप्लेन मोडचं बटन, बॅटरीचं सॉफ्टवेअर. उदाहरणार्थ व्हीपीसी२००४ दिसलं तर ते लेनोवोचं पॉवर मॅनेजमेंट, एचपीक्यू६००१ असेल तर एचपीचं वायरलेस बटन. हे कंपनीच्या साइटवरूनच घ्यावं लागतं.

टचपॅडचं थोडं वेगळं आहे आणि लोक इथेच सगळ्यात जास्त डोकं आपटतात. यादीत टचपॅड नावाची वस्तूच नसते, मग टचपॅडचा ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी तो बसणार कशावर? हल्लीच्या लॅपटॉपमध्ये टचपॅड आय-टू-सी नावाच्या बसवर, म्हणजे चिप्समधल्या संदेशांच्या लाइनवर, लटकलेला असतो आणि त्या बसचाच ड्रायव्हर नसल्यामुळे विंडोजला पलीकडचं काही दिसत नाही. इंटेलवाल्यांनी ‘सीरियल आयओ’ नावाचा ड्रायव्हर टाकायचा, एएमडीवाल्यांना अननोन डिव्हाइसमध्ये एएमडीआय००१० असा आयडी दिसेल, त्यांनी एएमडीचं चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचं) पॅकेज टाकायचं. तो बसला की काही सेकंदात ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ आपोआप उगवतं आणि बहुतेक वेळा कर्सर तिथल्या तिथे हलायला लागतो, टचपॅडचा वेगळा ड्रायव्हर टाकायचीही गरज पडत नाही.

क्रम म्हणाल तर चिपसेट आधी, मग सीरियल आयओ आणि इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ नावाचा त्रिकोण तो हाच), मग ग्राफिक्स, मग आवाज, बाकी कसंही. इंटेलचं चिपसेट पॅकेज खरं सांगायचं तर डिव्हाइसना नावं चिकटवण्यापलीकडे फारसं काही करत नाही, पण त्याने यादी स्वच्छ होते आणि उरलेलं नेमकं काय ते कळतं. ग्राफिक्स थेट इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या साइटवरून घ्या, दोन ग्राफिक्स असतील तर प्रोसेसरमधलं आधी. आवाजाचा ड्रायव्हर मात्र लॅपटॉप कंपनीचाच घ्या, कारण स्पीकरचा ॲम्प्लिफायर आणि माइकची जुळणी प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, जेनेरिक रियलटेक टाकला तर हेडफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकर मुके राहतात. इंटेलच्या मशीनवर ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असा त्रिकोण असेल तर स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर राहिलाय, तो रियलटेकच्या आधी.

एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर्स टाकू नका. अर्धी पैसे मागतात, उरलेली सोबत दोन टूलबार देतात, आणि चालू असलेला ड्रायव्हर काढून ‘नवीन’ म्हणून भलताच बसवतात.

काही गोष्टी १० वर येणारच नाहीत त्यामागे वेळ घालवू नका. वायफाय कार्ड ६ई चं असलं तरी ६ गिगाहर्ट्झचा बँड विंडोज १० मध्ये मिळत नाही, २.४ आणि ५ वरच चालेल. इंटेलच्या १२ व्या पिढीपासून पुढे बहुतेक प्रोसेसरमध्ये मोठे-छोटे कोअर असतात, त्यांची कामवाटणी ११ ला जास्त चांगली जमते. आणि १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा सिक्युरिटी अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स प्रोग्राममध्ये नाव नोंदवा, घरगुती वापराला ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली होती.

कोणी हे वाचून थेट ७ वर जायचा विचार करत असेल तर नव्या लॅपटॉपवर नको. ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, एनव्हीएमई डिस्कला (नव्या वेगवान एसएसडीला) वेगळं हॉटफिक्स लागतं, नवीन ड्रायव्हरच्या डिजिटल सह्या एसएचए-२ या पद्धतीच्या असतात त्या ओळखायला पुन्हा वेगळे अपडेट लागतात, म्हणजे इन्स्टॉल करतानाच माउस-कीबोर्ड बंद पडून बसायची वेळ येते. आणि ज्यांना १० च्या सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही, इंटेल ११ वी पिढी किंवा पुढची, त्यांनी इंटेल रॅपिड स्टोरेजचा व्हीएमडी (डिस्क कंट्रोलरचा) ड्रायव्हर काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि सेटअपमधल्या ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यायचा, डिस्क लगेच दिसते.

सगळे त्रिकोण गेले की त्याच दिवशी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि पीएनपीयूटिल कमांडच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायाला ताऱ्याची खूण आणि पेन ड्राइव्हवरचा एक रिकामा फोल्डर द्या, बसवलेले सगळे बाहेरचे ड्रायव्हर आयएनएफसकट तिथे कॉपी होतात. पुढच्या फॉरमॅटनंतर त्याच कमांडचा ॲड-ड्रायव्हर पर्याय, सोबत सबडिर्स आणि इन्स्टॉल, आणि तो फोल्डर (पत्त्याच्या शेवटी \*.inf लावून) दाखवला की नेट नसतानाही सगळं एका दमात बसतं.