मुलीच्या अ‍ॅडमिशनचं जेवण, आणि मुलगीच यायला तयार नाही

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोथरूडचा. मुलीने यंदा बारावी सायन्स केलं, सीईटीला 94 पर्सेंटाइल आले, कॅप राउंडला इंजिनिअरिंगची बऱ्यापैकी सीट लागत होती, ती सोडून तिने फर्ग्युसनला बीएस्सी घेतलं, जिऑलॉजीसाठी. लहानपणापासून दगडांचं वेड, वाघोलीच्या खाणीतून आणलेला एक निळा दगड अजून खोक्यात कापसात ठेवलाय. असो. फी भरली, आयकार्ड पण आलं. आमच्या घरात फर्ग्युसनला जाणारी ही पहिलीच, त्यामुळे मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी तिचा मेन बिल्डिंगसमोरचा फोटो स्टेटसला टाकला, सोसायटीत दोन किलो पेढे वाटले आणि रविवारी चाळीस जणांचं जेवण ठरवलं, केटररला अ‍ॅडव्हान्स पण दिलाय. माझी बहीण फॅमिली ग्रुपवर म्हणाली, "इंजिनिअरिंग सोडून दगड फोडणार का?" तिला तर मुद्दाम बोलावलंय, बघू देत. आता मुलगी म्हणते, बाबा मी येणार नाही, तुमचं तुम्ही करा. बायको पण तिच्याच बाजूने. मुलीचं कौतुक करणं गुन्हा आहे का?

उत्तर: दादा, आधी तुमचं अभिनंदन, कारण लागलेली सीट सोडणाऱ्या मुलीच्या मागे उभे राहणारे बाबा मला पत्रांतून फार कमी भेटतात, इथे बहुतेक वेळा उलटंच असतं, मुलगी रडते आणि बाबा फॉर्म भरतात. त्यामुळे गुन्हा वगैरे काही नाही.

पण पत्र परत वाचा एकदा. पेढे किती किलो ते आहे, माणसं किती ते आहे, अ‍ॅडव्हान्स आहे, आणि ज्या दगडापायी हे सगळं घडलं तो एका वाक्यात आला आणि लगेच "असो". मला तर तिथेच थांबावंसं वाटलं हो! वाघोलीचा निळा दगड म्हणजे बहुतेक कॅव्हन्साइट असणार, ते जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं आणि त्यात सगळ्यात नावाजलेल्या आपल्या वाघोलीच्या खाणी, बाहेरच्या देशातले संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात. तुमच्या घरात ते खोक्यात आहे आणि तुम्ही फोटो काढला बिल्डिंगचा. फर्ग्युसन 1885 पासून उभं आहे, त्याला तुमच्या स्टेटसची गरज नाही.

दुसरं जरा टोचेल. ते "बघू देत" आहे ना, सगळी गोम तिथे आहे. हे जेवण मुलीसाठी कमी आणि बहिणीला उत्तर म्हणून जास्त आहे, आणि अठरा वर्षांच्या पोरीला हे लगेच कळतं. तिला दिसतंय की रविवारी आपण मधोमध उभ्या असणार आणि प्रत्येक जण पुरी हातात घेऊन विचारणार, मग पुढे स्कोप काय? मी असते तर मी पण आले नसते. माझ्या आईने माझ्या सायन्सच्या अ‍ॅडमिशनची साखर अख्ख्या वाड्यात वाटली होती आणि तीन आठवड्यांत मी आर्ट्सला गेले, त्यानंतर वर्षभर मी जिन्यातून पळत खाली उतरायचे, कुणी विचारू नये म्हणून.

तेव्हा चाळीस जणांना सरळ फोन करा, पुढे ढकललं म्हणून सांगा. केटररला विचारा, तारीख बदलून मिळत असेल तर दिवाळीत करा, नसेल तर गेले पैसे, सोडून द्या.

बहिणीशी मात्र तुम्ही बोला, मुलीला पुढे करू नका. एकदाच सांगायचं, ग्रुपवर नाही, फोनवर, की एमएस्सी केल्यावर यूपीएससीची वेगळी जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात जाता येतं, आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम नावाची प्रवेश परीक्षा असते, आणि गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजणाऱ्या राज्याच्या भूजल खात्याचं मुख्यालय तर इथेच पुण्यात आहे. ऐकलं तर ठीक, नाहीतर भाऊबीजेला ओवाळतीलच की त्या.

आणि सेलिब्रेशन करायचंच, रद्द नाही करायचं. रविवारी पावसाने उघडीप दिली की दोघंच निघा, जंगली महाराज रोडवर पाताळेश्वर आहे, शंभर वेळा गेला असाल, यावेळी तिला म्हणा तू दाखव. अख्खी लेणी एकाच काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलीय, आठव्या शतकातली, पण तो दगड लाव्हा थंड होऊन झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती बोलायला लागली की मध्ये फोन काढू नका, फोटो पण नको. मग डेक्कनला कॉफी, बायकोला तिकडेच बोलवा.

गिफ्ट द्यायचं मनात असेल तर जिऑलॉजीच्या पोरांना गळ्यात अडकवायचं एक छोटं भिंग लागतं, दहा पट मोठं दाखवणारं, आणि फील्डवर जायला हातोडी. कुठली घ्यायची ते तिलाच विचारा, घरातली खिळे ठोकायची चालत नाही.