हिरड्यांचे जेल, घशातला फवारा आणि निळे पडणारे ओठ

प्रश्न : माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला दात येत आहेत. हिरड्या बधिर करणाऱ्या जेलमुळे रक्तावर परिणाम होतो, असे वाचले. सासूबाईंची एंडोस्कोपी ठरली असून त्यांच्याही घशात तसाच फवारा मारणार आहेत. दोघींना धोका आहे का?

उत्तर : जेलच्या घटकांत बेन्झोकेन असेल, तर ते मुलीला मुळीच लावू नका. दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. शिवाय लाळेबरोबर ते काही मिनिटांत धुऊन जाते. म्हणजे फायदाही नाममात्रच. त्यापेक्षा स्वच्छ बोटाने हिरड्या हलकेच चोळाव्यात.

या दुष्परिणामाला मेथेमोग्लोबिनेमिया म्हणतात. बेन्झोकेनमुळे, आणि सुई टोचण्याआधी त्वचेवर लावायच्या काही मलमांतील प्रिलोकेनमुळेही, हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते व त्याला प्राणवायू धरून ठेवता येत नाही. उरलेले चांगले हिमोग्लोबिनही आपल्याजवळचा प्राणवायू पेशींना सहजासहजी सोडत नाही. शरीरातील एक विकर (एन्झाइम) हा बिघाड सतत दुरुस्त करत असते, पण तान्ह्या बाळांत ते अपुरे असते.

लक्षणे बहुधा औषध लावल्यापासून काही मिनिटांत ते एकदोन तासांत दिसतात : ओठ व नखे निळसर-करडी होणे, धाप, डोकेदुखी, गुंगी. प्राणवायू देऊनही रंग पालटत नाही, आणि काढलेले रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसते व हवेत ठेवले तरी लाल होत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नये, कारण बिघाड वाढला तरी त्याचा आकडा ८५ च्या आसपासच घुटमळतो. नेमके प्रमाण कळण्यासाठी को-ऑक्सिमेट्री ही रक्ततपासणी करावी लागते.

सासूबाईंनी घाबरून तपासणी टाळू नये, कारण हा प्रकार विरळा आहे आणि रुग्णालयात त्यावर शिरेतून मेथिलीन ब्लू देता येते. मात्र त्यांना पूर्वी असा त्रास झाला असल्यास, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास, किंवा डॅप्सोनसारखे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. जी-६-पी-डी या विकराची कमतरता असल्याचे माहीत असेल, तर तेही न विसरता सांगावे. अशा रुग्णांत मेथिलीन ब्लूमुळे लाल पेशी फुटू शकतात आणि डॉक्टरांना दुसरा उपाय योजावा लागतो.

मुलीला जेल आधीच लावून झाले असेल आणि तिचे ओठ निळसर दिसू लागले, तर उद्यापर्यंत थांबू नका. जेलची नळी सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठा.