कूलरचा सीझन, राजीनामा आणि संत्र्याचा ज्यूस

प्रश्न: नमस्कार ताई. मी 43 वर्षांची, नागपुरात मानेवाड्यात राहते, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला 17 वर्षं झाली. बाबांचं कूलरचं छोटं दुकान होतं, त्यांच्यासोबत ताट्या (कूलरच्या बाजूचे गवताचे पॅड) बदलणं, पंप खोलणं, मोटर चेक करणं सगळं लहानपणीच शिकले. आता मार्च लागला की कॉलनीतले लोक फोन करून राहतात, ताई जरा आमचा कूलर पाहून द्या ना. मागच्या उन्हाळ्यात रविवार रिकामा गेलाच नाही. पार्टचे पैसे घेते, मेहनतीचे नाही. ऑफिसमध्ये आता मन लागत नाही, वाटते आपलं खरं काम हेच. नवरा म्हणतो या वयात काय पागलपणा लावला, मुलगी बारावीला आहे. राजीनामा देऊन दुकान टाकू का? पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं लोन मिळते म्हणतात. आणि बाईमाणसाकडून लोक कूलर दुरुस्त करून घेतील का?

उत्तर: शेवटून सुरू करते. घेतील का म्हणजे काय, घेऊनच राहिले ना! उलट दुपारी घरी एकटी असलेली बाई, म्हाताऱ्या आजी, मुलींचं होस्टेल, यांना अनोळखी मेकॅनिक घरात घेण्यापेक्षा तुम्ही आलेल्या बऱ्याच. ही तुमची जमेची बाजू आहे, कमीपणा नाही.

पण मेहनतीचे पैसे घेत नाही हे वाचून मी थांबले. फुकटात फोन करणारा शेजारी आहे, गिऱ्हाईक नाही. येत्या मार्चपासून व्हिजिट चार्ज लावा, ओळखीच्यांनाही लावा, आणि मग फोन किती येतात ते वहीत लिहा, अकाउंट्सवाल्या बाईला वही कशी ठेवायची ते मी काय सांगणार. खरं काम की नुसती आवड, हे घरात बसून विचार करून कळत नाही हो. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवर, स्टँडचा गंजलेला नट निघत नाही, खालून कोणी म्हणते इतके पैसे कशाचे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी टूलबॅग उचलावीशी वाटली, तर पुढचं बोलू.

दुसरी गोष्ट सीझनची, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे. आपल्याकडे 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता, उन्हाळ्यात गिऱ्हाइकाची कमी नाहीच. पण कूलर चालतो तो पाण्याची वाफ होण्यावर, पाऊस आला हवा दमट झाली की वाफ होत नाही, कूलर नुसता पंखा होऊन बसतो आणि तुमचा फोन बंद. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या कमाईवर बारा महिने घर चालवायचं. यावर उपाय आहेत. सीझन संपला की टाकी रिकामी करून धुणं, क्षार काढणं, तळाला डांबर मारणं, ताट्या काढून कूलर झाकून ठेवणं, हे काम लोकांना करायचं असते पण कोणी करत नाही. त्याच टाकीत पाणी साचून राहिलं की डेंग्यूचे डास होतात, हे सांगितलं तरी चार ऑर्डर मिळतील. होस्टेल, कोचिंग क्लास, मंगल कार्यालय यांच्याशी वर्षाचा करार करा. बाहेरगावची पोरं रूम करून राहतात त्यांना सीझनभर कूलर भाड्याने द्या, जुने घेऊन दुरुस्त करून. मला तर दुरुस्तीपेक्षा यात जास्त पैसा दिसतो.

आणि एक, यात हयगय नको. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात वाचतोच आपण. पैसे घेऊन काम करायचं तर अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर चालू करून द्यायचा नाही, घरात अर्थिंग नसेल तर तोंडावर सांगायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

लोनचं म्हणाल तर पीएमईजीपी नव्या युनिटलाच मिळते. आधी दुकान थाटलं आणि मग अर्ज केला तर जुनं युनिट म्हणून परत पाठवतील, म्हणून आधी सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम विचारा. शहरातल्या महिलेला 25 टक्के सबसिडी आणि स्वतःचे 5 टक्के असा हिशोब आहे, पण सबसिडी हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं लॉक राहते. नुसत्या दुरुस्तीला एवढं लोन लागतच नाही. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही, ते टेन्शन सध्या सोडा.

राजीनामा या वर्षी नको. मुलीची ॲडमिशन नेमकी सीझनच्या धावपळीतच येणार, दोन्ही सांभाळताना दमून जाल. अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरचं काम करायला मनाई आहे का तेही पाहून घ्या. 17 वर्षांची ग्रॅच्युइटी पक्की आहे: शेवटचा बेसिक नि डीए मिळून 20,000 धरला तर 15 ने गुणून 26 ने भागून गुणिले 17, म्हणजे साधारण 1 लाख 96 हजार. ते दुकानात घालायचे नाहीत. नवऱ्याला पागलपणा वाटते ना, एका सीझनची वही समोर ठेवा मग पाहू काय म्हणतो ते.

प्रश्न: मी 24 वर्षांचा, इंजिनिअरिंग झालं. माझं पॅशन काय तेच सापडत नाही. एक कोर्स आहे, लाइफ पर्पज शोधून देतात, फी भरपूर आहे. डोक्यात संत्र्याच्या ज्यूसच्या स्टार्टअपची आयडिया पण आहे. काय करू? (नंदनवन)

उत्तर: कोर्सची फी वाचव बाप्पा. आयडिया आहे ना, तिच्यामागे जा. संत्र्याचा आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळी फुलोऱ्याचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, तेव्हा पहाटे कळमना मार्केटला जाऊन उभा राहा, कोणता माल कशाला जातो, रस काढायला स्वस्त कोणता पडेल, ते पाहा. मग घरी रस काढून ठेव आणि थोड्या वेळाने चाखून पाहा. कडू लागेल. आपल्या संत्र्याचा हाच तर लफडा आहे, लिमोनिन नावाचं कडू द्रव्य रसात हळूहळू तयार होते. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, हा प्रश्न घेऊन तिथे जा. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत नागपूरसाठी संत्रंच निवडलेलं आहे, 35 टक्के सबसिडी, जास्तीत जास्त 10 लाख, पण तिचा अर्ज कडूपणाचं काही जमलं तरच. लोगो डिझाइन करायला आत्ताच बसू नको.